फंक्शनला अ‍ॅरे ‘पाठवायचा’ की ‘द्यायचा’?

धुळ्याच्या एका ताई नव्या मुलांना जावास्क्रिप्ट आणि पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषा मराठीतून शिकवतात. (फंक्शन म्हणजे ठरलेलं काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, अ‍ॅरे म्हणजे मूल्यांची क्रमाने लावलेली यादी.) त्यांचा प्रश्न असा: फंक्शनला अ‍ॅरे ‘पास करणे’ याला ‘पाठवणे’ म्हणावं, ‘देणे’ म्हणावं, की एका भाषांतरात दिसलं तसं ‘पारित करणे’?

ताई, ‘पारित’ आधी बाजूला ठेवू. पारित होतो तो ग्रामसभेतला ठराव. अ‍ॅरेसाठी कुणी हात वर करत नाही.

‘पाठवणे’ वाईट नाही, पण त्यात वस्तू इथून निघून जाते. मामाकडे ज्वारीचं पोतं धाडलं की ते आपल्या घरात उरत नाही. म्हणूनच मुलं विचारतात, ‘सर, अ‍ॅरे परत कधी येतो?’ तो कुठे गेलेलाच नसतो. ‘देणे’ जास्त सैल आणि म्हणून जास्त कामाचं. आपण पत्ता देतो, शब्द देतो, नक्कल देतो, आणि देऊनही ते सगळं आपल्याजवळ राहतं. अहिराणीत ‘फंक्शनले दे’ म्हणून पाहा, पोरं अडखळायची नाहीत.

पण खरी गोम क्रियापदात नाही, दिलं काय यात आहे. आणि इथे आपल्या सातबाऱ्याची भाषा फार उपयोगी पडते.

पीएचपीत अ‍ॅरे दिला की फंक्शनला मिळते ती नक्कल. केळीचे तीन दिवसांचे भाव अ‍ॅरेत आहेत, फंक्शनने चौथा जोडला, तरी बाहेर तीनच राहतात. तलाठ्याकडून आणलेल्या नकलेवर तुम्ही पेनाने काहीही खरडा, दप्तरातली नोंद हलत नाही. (पीएचपी लबाड आहे, खरी नक्कल ती बदल होईपर्यंत काढतच नाही. पण हे पहिल्या दिवशी सांगू नका.) मूळच हातात द्यायचं असेल तर फंक्शन लिहिताना त्या नावाआधी अँपरसँडचं चिन्ह (&) टाकावं लागतं.

जावास्क्रिप्टमध्ये नक्कल निघत नाही. पायथनच्या लिस्टचंही तसंच. तिथे मी ‘सामाईक’ हा शब्द वापरतो. दोन भावांत विहीर सामाईक असते. धाकट्याने गाळ काढला तर थोरल्यालाही पाणी वाढलेलं दिसतं, कारण विहीर एकच. फंक्शनने आत ‘पुश’ करून, म्हणजे शेवटी जोडून, चौथा भाव टाकला की बाहेरही चार दिसतात, ते याच कारणाने. पण धाकट्याने उद्या स्वतःच्या बांधावर बोअर मारली आणि तिलाच ‘आमची विहीर’ म्हणू लागला, तर जुन्या विहिरीचं काही बदलत नाही. फंक्शनच्या आत त्याच नावाला नवा अ‍ॅरे चिकटवला तर बाहेरचा जसाच्या तसा राहतो. मुलं नेमकी इथे घसरतात. ‘संदर्भाने देणे’ असं पुस्तकी नाव सांगितलं की त्यांना वाटतं, आत काहीही केलं तरी बाहेर पोचणार. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांच्या गटाने १९७०च्या दशकात सीएलयू या भाषेसाठी या प्रकाराला ‘कॉल बाय शेअरिंग’ हे जे इंग्रजी नाव दिलं, त्याचा अर्थही वाटून घेणं, सामाईक असणं असाच आहे. आपला शब्द आधीपासून सातबाऱ्यावर होता, एवढंच.

तिसरा प्रकार बॅशचा (लिनक्सवर आज्ञा लिहायची भाषा), आणि त्याला शब्द केळीच्या मळ्यातलाच हवा: ‘सुटा’. बॅशमध्ये अ‍ॅरेचं नुसतं नाव डॉलरचं चिन्ह लावून दिलं तर फंक्शनला पहिलंच मूल्य मिळतं. सगळा द्यायचा तर तो सहसा सुटा करून द्यावा लागतो, म्हणजे घड न देता एकेक केळ. एका घडापुरतं ठीक. दोन घड सुटे करून एकाच क्रेटमध्ये टाकले तर कुठलं केळ कुठल्या घडाचं हे कोण सांगणार? पर्ल या भाषेतही दोन अ‍ॅरे एकदम दिले की असेच एकमेकांत मिसळतात.

तेव्हा वर्गात ‘नक्कल दिली’, ‘सामाईक दिला’, ‘सुटा करून दिला’ असं बोला. अ‍ॅरेला ‘सरणी’ म्हणायचा आग्रह मी धरत नाही. ‘विचारसरणी’तली सरणी म्हणजे वाट, पद्धत, ती मुलांच्या डोक्यात आधी येते.

राहिला तुमचा शेवटचा उपप्रश्न, अ‍ॅरे दिला की दिली? मी ‘दिला’ म्हणतो. मात्र मनात ‘यादी’ असली की माझ्याही तोंडून ‘दिली’ निघून जातं.