अध्यक्षपद सोडलं, पण ओटीपी अजून माझ्याच फोनवर येतो

प्रश्न : मी २००४ साली इंग्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीतून एमएससी केलं, परत आले आणि २०१२ पासून तिच्या पुण्यातल्या अ‍ॅल्युम्नी ग्रुपचं सगळं मीच बघत आले. अध्यक्ष नावाला, खरं तर हॉल बुक करण्यापासून समोसे सांगण्यापर्यंत सगळं. सुरुवातीला नऊ जण होतो, आता व्हॉट्सअ‍ॅपवर चारशेच्या वर आहेत. गेल्या दिवाळीत सांगून टाकलं की बास, आता थांबते. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली आणि दुसऱ्या दिवसापासून फोन परत मलाच. ज्याने जबाबदारी घेतली तो मुलगा २९ वर्षांचा आहे, गुणी आहे, पण बारीकसारीक सगळं मला विचारतो, आणि एखाद्या वेळी नाही विचारलं तर मलाच करमत नाही हेही खरंय. परवा तो म्हणाला, तिकडे शिकायला निघालेल्या नव्या मुलांची ऑगस्टची मीटिंग झूमवर घेऊ, तर मी जवळजवळ भांडलेच. युनिव्हर्सिटीने पाठवलेली बॅनरची स्टँडीसुद्धा अजून माझ्याच माळ्यावर आहे, तिची स्प्रिंग गेलीये, मागे खुर्ची लावून उभी करावी लागते. सगळे म्हणतात सल्लागार म्हणून राहा. राहू का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, अजिबात राहू नका. सल्लागार म्हणजे काय हे गणपती मंडळात वाढलेल्या कुणालाही विचारा, नवा अध्यक्ष पावत्या फाडतो आणि निर्णय मागे खुर्ची टाकून बसलेले माजी अध्यक्ष घेतात.

मी आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद नऊ वर्षांनी सोडलं, तर पुढचे चार महिने टँकर आला की वॉचमन मलाच फोन करायचा. मी वैतागायचो. शेवटी बायको म्हणाली, गेटवरच्या बोर्डावर नंबर कुणाचा आहे ते बघितलंस का? माझाच होता आणि तो पुसायचं मलाच सुचलं नव्हतं, की पुसायचा नव्हता, देव जाणे.

तुमचाही बोर्ड तसाच राहिलाय असं वाटतं. ग्रुपच्या जीमेलचा रिकव्हरी नंबर कुणाचा, वर्गणी कुणाच्या गुगल पेवर येते, हॉलवाला कुणाला ओळखतो? एखाद्या रविवारी त्या मुलाला घरी बोलवा आणि शेजारी बसून एकेक गोष्ट बदला. नुसता पासवर्ड कळवून भागत नाही, नंबर तुमचा राहिला की रात्री साडेअकराला "ताई, ओटीपी आला का" येणारच. व्हॉट्सअ‍ॅपवर आधी दोघातिघांना अ‍ॅडमिन करा आणि मग स्वतः उतरा, कारण एकुलता एक अ‍ॅडमिन ग्रुप सोडून गेला तर व्हॉट्सअ‍ॅप आपल्या मनानेच कुणालातरी अ‍ॅडमिन करतं आणि तो नेमका गुड मॉर्निंगवाला निघाला तर झालंच कल्याण.

पैशाचं लगेच करा. तुमचा ग्रुप रजिस्टर्ड नसावा असं धरतो, असता तर पदाधिकारी बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात चेंज रिपोर्ट टाकायला लागला असता. ती कटकट नाही हे बरं, पण त्यामुळेच शिल्लक तुमच्या खात्यात पडून असते आणि कुणी विचारत नाही. एक पानी हिशेब ग्रुपवर टाका, शिल्लक वळती करा. युनिव्हर्सिटीने तुम्हाला नावं-ईमेलची एक्सेल दिली असेल तर ती मात्र त्याला फॉरवर्ड करू नका, ब्रिटनमध्ये डेटाचे नियम कडक आहेत, त्यांच्या ऑफिसला सांगा नव्या माणसाला थेट द्या, आणि तुमच्याकडची कॉपी डिलीट करा.

आता झूम. तुम्ही सुरुवात केलीत ते साल बघा, २०१२. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनने शिक्षण झाल्यावर दोन वर्षं काम करू देणारा व्हिसा बंद केला होता. मुलं डिग्री घेऊन सरळ घरी यायची, इथे नोकरी शोधायची, त्यांना पुण्यात ओळखीची माणसं हवी होती, तेव्हा तुमचा हॉल आणि समोसे खरंच कामाचे होते. जुलै २०२१ ला ग्रॅज्युएट रूट या नावाने तसाच व्हिसा परत आला आणि मुलं दोन वर्षं तिकडेच थांबायला लागली. आता १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएचडीवाले सोडले तर, दीडच वर्ष मिळणार. म्हणजे आता एमएससीला जाणाऱ्या पोराला कोथरूडमधल्या ताईंपेक्षा तिकडे आत्ता नोकरी शोधत असलेला एखादा सिनियर जास्त उपयोगाचा, आणि तो सिनियर हॉलवर कुठून येणार? इथे संध्याकाळी सातला मीटिंग ठेवली तर ऑगस्टमध्ये तिकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात, तो जेवता जेवता बोलेल. शिवाय खरं सांगायचं तर व्हिसाची तुमची माहितीही जुनी झालीय. तुमच्या वेळी पासपोर्टात स्टिकर होता, मग बीआरपी म्हणजे तिकडे राहण्याच्या परवान्याचं कार्ड आलं, आता तेही जाऊन सगळं ईव्हिसावर, म्हणजे ऑनलाइन आहे. चुकून तुम्ही कार्ड कुठून घ्यायचं ते सांगत बसाल.

एक मला पटतं, की आईवडिलांचं झूमवर समाधान होत नाही. कुकर तीन लिटरचा द्यावा की पाच, आणि गोडा मसाला बॅगेत चालतो का, हे त्यांना समोरासमोर, कुणाचातरी हात धरूनच विचारायचं असतं. त्यांच्यासाठी हॉल लागेल. पण हे त्या मुलाला तुम्ही सांगायचं नाही, पहिल्या वर्षी चार आया फोन करून त्याला सांगतीलच.

आणि तो मीटिंगबद्दल विचारायला आला की "तुला काय वाटतं?" एवढंच म्हणा. पहिले दोन महिने तोंडात लाडू धरल्यासारखं होईल, होऊ द्या. करमणार नाही म्हणता, तर ज्या नऊ जणांपासून सुरुवात झाली त्यांना जेवायला बोलवा, अजेंडा न काढता.

स्टँडी आधी माळ्यावरून काढा. त्या मुलाची दुचाकी असेल तर स्टँडी पायापाशी आडवी मावत नाही, मागे धरून बसायला माणूस आण म्हणावं. खुर्चीचं मात्र सांगू नका, पडली की लावेल.