ढाल आली, आता वही काढ

चि. बाळ,
अ. उ. आ.

मुलींनी आंतरशालेय फुटबॉलचं अजिंक्यपद आणलं आणि सत्काराचं काम तुझ्या गळ्यात पडलं, हे कळलं. हार आणि पाहुणे यांच्या मागे लागण्याआधी सामन्यांची वही काढ. अंतिम सामना सगळ्यांनी पाहिलाय. पावसाळ्यातल्या चिखलात झालेला पहिला सामना आता कुणाला आठवत नसेल. सत्कार हंगामाचा करायचा आहे, आणि हंगाम त्या वहीतच सापडेल.

प्रत्येक सामन्यापुढे तारीख, समोरचा संघ, निकाल, गोल कुणी आणि कितव्या मिनिटाला केला, शेवटचा पास कुणाचा, बदली कोण कधी उतरली, एवढं भरून घे. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, पेनल्टी शूटआउटमधले गोल खेळाडूच्या खात्यात घालायची. ते धरायचे नसतात. सामना १-१ असा बरोबरीतच नोंदवायचा आणि शूटआउट कंसात लिहायचा. दुसरी चूक स्वयंगोलाची. समोरच्या बचावपटूने चुकून स्वतःच्याच जाळ्यात घातलेला चेंडू आपल्या फॉरवर्डच्या नावावर चढतो. मुलींना स्वतःचेच नाही, एकमेकींचेही आकडे पाठ असतात. स्टेजवरून नऊच्या जागी अकरा गेले की मागच्या रांगेत कुजबुज सुरू.

जिच्या नावापुढे एकही आकडा नाही, तिच्यासाठी कोचकडून एकेक वाक्य लिहून घे. ‘मेहनती खेळाडू’ चालणार नाही. ‘उपांत्य सामन्यात लेफ्ट बॅकच्या पायात गोळा आला तेव्हा शेवटची २० मिनिटं तिची जागा सांभाळली’, असं हवं. नावं पुकारताना राखीव मुली आधी, कर्णधार शेवटी. कर्णधारापासून सुरुवात केलीस तर शेवटच्या मुलीपर्यंत टाळ्या थकलेल्या असतात. २० मुली, प्रत्येकी अर्धा मिनिट, म्हणजे १० मिनिटं. पाहुण्यांना पाच मिनिटं दे आणि ती आमंत्रणातच सांग, माइकजवळ उभं राहून खुणा करून उपयोग नाही. मैदानावर फक्कीने रेषा आखणाऱ्या मामांना पहिल्या रांगेत बसव.

आता नावं. पदकांवर कोरायची यादी शाळेच्या रजिस्टरवरून थेट देऊ नकोस. आपल्या इंदूरात मराठी नावांचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. रजिस्टरात नाव इंग्रजी अक्षरांत असतं, कोरणारा ते हिंदीत उतरवतो, मग काळेचं काले होतं, पळसुलेचं पलसुले आणि प्रज्ञाचं प्रद्न्या. ‘ळ’ तर पहिला उडतो. प्रत्येक मुलीकडून तिच्याच हाताने नाव लिहून घे, त्यावरून यादी टाइप कर, आणि कोरण्याआधी कागदावर नमुना माग. धातूवर कोरलेलं खोडता येत नाही. दोन पदकं कोरी ठेव, कुणीतरी राहून गेलेलं असतंच. ढाल फिरती असेल तर पुढच्या वर्षी परत जाणार, तेव्हा तिचा नीट फोटो आणि शाळेत ठेवायला छोटी प्रतिकृती, दोन्ही आत्ताच कर.

मुली राजवाड्यावर जायचं म्हणतील. क्रिकेटचा विश्वचषक जिंकला की शहर तिथेच लोटतं, म्हणून त्यांनाही तेच हवं असणार. पण उघड्या टेम्पोत उभ्या २० मुली, मागे पालकांच्या स्कूटर आणि ती गर्दी, हे जमणारं नाही. मैदानापासून शाळेपर्यंत ढोल लावून चालत या. वाटेत दवाखाना किंवा दुसरी शाळा असेल तर १०० मीटर आधी ढोल थांबवायचा, जाहीर केलेल्या शांतता क्षेत्राचा तो नियमच आहे.

कार्यक्रम सकाळी आठचा ठेव, म्हणजे खाण्याचा प्रश्न सुटला: पोहे-जिलबी. ६० माणसांना जाडे पोहे ५ किलो, जिलबी साडेचार किलो, शेव दीड किलो, कांदा दीड किलो, जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा आपला इंदुरी मसाला) १५० ग्रॅम. पातळ पोहे घेतलेस तर लगदा होईल. एकदम सगळे भिजवू नकोस, किलो-किलोने चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळू दे, मग मीठ, हळद, साखर चोळ. फोडणीत बडीशेप विसरू नकोस, नाहीतर ते पुण्याचे पोहे होतील. घात होतो तो वेळेचा. सातला केलेले पोहे भाषणं संपेपर्यंत वाळून टोचायला लागतात. दुकानात करतात तसंच कर: उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पोह्यांचं पातेलं ठेव, वर झाकण. कांदा, शेव आणि जिरावन ताटलीत वाढतानाच घालायचं. ताटल्या स्टीलच्या, ७० मागव, आणि ओल्या-सुक्याचे डबे वेगळे. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरात शाळेच्या अंगणात थर्माकोल उडताना दिसायला नको.

फोटो खाण्याआधी काढ, जर्सीवर पाक सांडायच्या आत. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी सरळ आला तर मुली डोळे मिचकावतात, फोटो काढणाऱ्याला थोडा तिरका उभा कर. एक रांग उभी, एक खुर्च्यांवर, एक जमिनीवर. गोलरक्षकाची जर्सी वेगळ्या रंगाची, ती मधोमध. पुढे चेंडूवर खडूने वर्ष लिहायचं. चेंडू दवाने ओला असेल तर खडू उठत नाही, फडका जवळ ठेव. आणि रांगा मोडायच्या आत डावीकडून उजवीकडे नावं लिहून घे. दहा वर्षांनी भिंतीवरच्या फोटोत ‘ही कोण?’ असं विचारतात, ते त्या दोन मिनिटांच्या आळसामुळे.

उपविजेत्या शाळेला दोन ओळींचं अभिनंदनाचं पत्र आजच टाक. कोरणाऱ्याचा नमुना आला की मला पाठव, ‘ळ’ तेवढे तपासून देतो.

तुझा,
काका