बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा-मालिकेची कल्पना सिडनी न्यूमनची, दिग्दर्शन वारिस हुसेनचं, त्यातले यंत्रात बसलेले खलनायक म्हणजे डालेक, ते टेरी नेशनचे. मग निर्माती व्हेरिटी लॅम्बर्टने नेमकं काय केलं? आणि निर्माती व्हायला कोणता कोर्स करावा?

'मग तिने नेमकं काय केलं?' हे वाक्य मी तीस वर्षं ऐकत आलेय. लॅम्बर्टबाईंबद्दल नव्हे, दुसऱ्याच एका बाईंबद्दल, आणि ते म्हणणारे होते माझे थोरले भाऊजी. त्यामुळे उत्तर लांबणार. कोर्सचं शेवटी सांगते.

तुमची यादी बरोबर आहे. तिच्यात आणखीही नावं घालता येतील. पहिली कथा अँथनी कोबर्नने लिहिली, डालेकचं रूप रेमंड क्युसिकने काढलं, सुरुवातीचं संगीत रॉन ग्रेनरचं आणि ते टेपचे तुकडे जोडून प्रत्यक्षात आणलं डेलिया डर्बिशायरने (तिचं नाव पडद्यावर यायला २०१३ उजाडलं, हे जाता जाता). इतक्या सगळ्यांनी एवढं सगळं केलं, तर बाईंच्या वाट्याला उरलं काय, हाच तुमचा हिशेब ना? हा हिशेबच चुकीचा मांडलाय.

मी १९८६ साली लग्न होऊन लंडनला आले. हातात दादरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटची दोन सर्टिफिकिटं होती, इंग्रजी चाळीस आणि मराठी तीस, शिवाय शॉर्टहँड. त्याच बळावर पुढे मला तिथल्या आशियाई प्रेक्षकांसाठी कार्यक्रम करणाऱ्या एका संस्थेत प्रॉडक्शन असिस्टंटची नोकरी लागली. तिथे या पदाचं काम ठरलेलं असे. रनिंग ऑर्डर (कशानंतर काय, त्याची यादी) आणि कॅमेरा स्क्रिप्ट टाइप करायची, कार्यक्रम चालू असताना गॅलरीत, म्हणजे वरच्या नियंत्रण कक्षात, दिग्दर्शकाशेजारी बसायचं, स्टॉपवॉच धरून वेळ मोजायची, निवेदकाच्या कानात सेकंद सांगायचे आणि पुढच्या शॉटचा नंबर मोठ्याने म्हणायचा. भाऊजींच्या शब्दांत 'घड्याळ बघणारी'.

एका रविवारी सकाळी थेट प्रक्षेपण होतं. स्टुडिओत दोन सेट लावले होते. एकावर मुलाखत चालू होती आणि दुसऱ्यावर भारतातून आलेले एक गायक साथीदारांना घेऊन गाण्यासाठी तयार बसले होते. तीन कॅमेरे होते. मुलाखतीची चार मिनिटं उरली असताना सारंगीवाले बाबा बसल्या जागी कलंडले. साखर उतरली होती, हे मागाहून कळलं. त्या क्षणी आम्हाला मॉनिटरवर एवढंच दिसलं की सारंगी आडवी पडलीय आणि एक हात गालिच्यावर आहे. त्यांना बाहेर न्यायचं तर वाट मुलाखतीच्या सेटच्या मागूनच होती, म्हणजे सगळं चित्रात येणार. दिग्दर्शकाने हेडसेट काढून माझ्यापुढे ठेवला, 'तू घे' म्हणाला आणि जिना उतरून खाली पळाला.

मी घेतलं. घेता आलं, कारण ती अख्खी रनिंग ऑर्डर आदल्या रात्री मी टाइप केली होती. कोण कुठे बसलंय, कुठला कॅमेरा कुठून किती सरकू शकतो, हे माझ्या बोटांना पाठ होतं. एक चूक झाली. तीन नंबरचा कॅमेरा अजून सरकत होता आणि मी 'तीन' म्हणून बसले. दोन सेकंद पडद्यावर नुसती भिंत पळाली. ती भिंत मला अजून दिसते.

आता मुद्द्याचं. आमच्या निर्माती माझ्या मागे उभ्या होत्या. त्या दोनच वाक्यं बोलल्या. पहिलं, 'गाणं होणार नाही, मुलाखत शेवटपर्यंत न्या.' कार्यक्रम संपायला अकरा मिनिटं आणि चाळीस सेकंद होती, आणि त्यातली सात मिनिटं ज्यांच्यासाठी राखलेली त्या गायकांच्या नावावर अख्खी जाहिरात झाली होती. दुसरं वाक्य, 'ते मला दे.' आणि त्यांनी माझ्या हातातलं स्टॉपवॉच काढून घेतलं. कॅमेरे आणि घड्याळ दोन्ही मला झेपणार नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं. पुढची अकरा मिनिटं खुद्द निर्माती टायपिस्टचं काम करत सेकंद मोजत राहिल्या.

गायक भयंकर चिडले. सारंगीशिवायही गायलो असतो, म्हणाले, आणि ते खरंही होतं. पण बाबांना बाहेर नेत असताना पलीकडे गाणं चालू ठेवायचं नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. सोमवारच्या बैठकीत वरिष्ठांनी विचारलं, 'गाणं कोणी कापलं?' बाई म्हणाल्या, 'मी.' दिग्दर्शक घाईत खाली गेला, नवखी मुलगी कॅमेऱ्यावर होती, यातलं एक अक्षर त्यांनी उच्चारलं नाही. ताकीद त्यांच्या फाइलला लागली.

रात्री मी डोंबिवलीला फोन लावला. भाऊजी बँकेत होते. आंतरबँक नाट्यस्पर्धेत वीस वर्षं कामं केलेला माणूस, त्यामुळे या विषयावर त्यांचा शब्द घरात अखेरचा. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, 'कॅमेरे तू सांभाळलेस, गाणं गायकाचं, पैसे चॅनेलचे. मग त्या बाईंनी नेमकं काय केलं?' आणि वर, 'निर्माता म्हणजे पैसे घालणारा. बाकी सगळी मदतनीस मंडळी.'

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढे लॅम्बर्टबाईंबद्दल वाचत गेले तेव्हा ते सापडलं.

३० नोव्हेंबर १९५८. ब्रिटनच्या एबीसी टेलिव्हिजनच्या 'आर्मचेअर थिएटर' या नाट्यमालिकेत एक नाटक थेट चालू होतं. दोन प्रवेशांच्या मध्ये गॅरेथ जोन्स हा नट हृदयविकाराने गेला. दिग्दर्शक टेड कॉचेफ उरलेल्या नटांना सावरायला खाली धावला आणि गॅलरीतून कॅमेरे चालवले त्याच्या असिस्टंटने. तीच व्हेरिटी लॅम्बर्ट. तीनच दिवसांपूर्वी तिला तेवीस वर्षं पूर्ण झाली होती, आणि त्या कंपनीत ती आली होती शॉर्टहँड टायपिस्ट म्हणून. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. आमचे सारंगीवाले बाबा वाचले, त्यांचा नट गेला, ही तुलना मी करणार नाही. पण त्या खुर्चीवर हेडसेट चढवताना पोटात काय होतं ते मला माहीत आहे.

सिडनी न्यूमन तेव्हा एबीसीचा नाट्यविभाग बघत होता. पुढे तो बीबीसीत गेला आणि १९६३ साली त्याने मुलांसाठीची शनिवारची नवी मालिका या बाईंच्या हाती दिली. वय सत्तावीस. बीबीसीच्या नाट्यविभागातली तेव्हाची सगळ्यांत तरुण आणि एकमेव स्त्री निर्माती. पहिला दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौला जन्मलेला, वय चोवीस. स्टुडिओ लाइम ग्रोव्हचा, जुना, अडचणीचा, दिव्यांनी तापणारा. मुख्य, म्हणजे डॉक्टरच्या भूमिकेसाठी लॅम्बर्टबाईंनी विल्यम हार्टनेलला राजी केलं. तोवर हा नट बहुतेक सार्जंट आणि गुंड रंगवत असे, त्याच्यात हा म्हातारा शास्त्रज्ञ बघायला नजर लागते. पहिला भाग न्यूमनला आवडला नाही, पुन्हा करायला लावला. केला. प्रसारित झाला २३ नोव्हेंबरला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पुन्हा दाखवावा लागला.

आणि डालेक. न्यूमनची सक्त ताकीद होती, बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत. मालिका विभागाचा प्रमुख डोनाल्ड विल्सन याने टेरी नेशनची संहिता वाचली आणि हे करू नका म्हणून सांगितलं. वरचे दोघेही विरोधात. लॅम्बर्टबाईंचं म्हणणं, दुसरी संहिता तयार नाही, आणि हे राक्षस नव्हेतच, यंत्रात बसलेली जिवंत माणसासारखी जात आहे. त्यांनी केलं. मालिकेच्या पहिल्यावहिल्या भागाला साधारण ४४ लाख प्रेक्षक होते, डालेकची कथा संपेपर्यंत ते एक कोटीच्या वर गेले. लिहिले टेरी नेशनने, खरं आहे. पण वरून 'नको' आलं होतं तेव्हा ते कागद पेटीत जाणार की स्टुडिओत, हे टेरी नेशनच्या हातात नव्हतं. फसलं असतं तर नोकरी कुणाची गेली असती, हे सांगा म्हणजे निर्माता कोण ते कळेल.

पुढची कारकीर्द मी भरभर सांगते, ती कुठेही मिळेल. १९७४ पासून थेम्स टेलिव्हिजनच्या नाट्यविभागाच्या प्रमुख. तिथे १९७५ साली 'द नेकेड सिव्हिल सर्व्हंट', क्वेंटिन क्रिस्प या लेखकाच्या आयुष्यावरची टीव्ही-फिल्म, मुख्य भूमिका जॉन हर्टची. समलैंगिक माणूस मान ताठ ठेवून घरोघरच्या पडद्यावर आला, तेही त्या काळात. मग थेम्सचीच कंपनी यूस्टन फिल्म्स. तिथली 'माइंडर' मालिका १९७९ ला सुरू होऊन १९९४ पर्यंत चालली. १९८३ ची 'विडोज' लिंडा ला प्लांटने लिहिली, आणि ती तोपर्यंत नटी म्हणून ओळखली जात होती. १९८२ ते ८५ थॉर्न ईएमआयमध्ये सिनेमाची निर्मिती, त्यानंतर स्वतःची सिनेमा व्हेरिटी कंपनी. मेरिल स्ट्रीपचा १९८८ चा ऑस्ट्रेलियातला चित्रपट लॅम्बर्टबाईंचा. १९९१ ची 'जीबीएच', १९९८ पासून 'जोनाथन क्रीक', या मालिका. २००२ ला ओबीई हा ब्रिटिश किताब. २२ नोव्हेंबर २००७ ला त्या गेल्या, 'डॉक्टर हू'च्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

यात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती 'एल्डोराडो'. १९९२ साली स्पेनमध्ये अख्खं गाव उभारून केलेली बीबीसीची मालिका, त्यांच्या कंपनीची. सपशेल पडली. १५६ भागांनंतर वर्षभरात बंद. ती घडवली होती ज्युलिया स्मिथ आणि टोनी हॉलंड यांनी, पण अपयशाच्या बातम्यांत लॅम्बर्टबाईंचं नाव कधी सुटलं नाही. बघा, यशात आपण विचारतो 'तिने काय केलं', आणि पडल्यावर विचारायची गरज पडत नाही. भाऊजी, हेच मला तेव्हा सांगायचं होतं.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या सांगते. टायपिंग करून कुणीही लॅम्बर्ट होतं असं मी म्हणत नाही. त्या रोडीनसारख्या महागड्या शाळेत शिकल्या, पॅरिसला सोरबोनमध्ये वर्षभर होत्या. आणि न्यूमन नसता तर बीबीसीचं दार उघडलं नसतं. दुसरं, सिनेमात पैसा उभा करणं हे निर्मात्याचं खरंखुरं काम असतं, तिथे भाऊजींचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. आपल्या व्यावसायिक नाटकात तर निर्माता वेगळा आणि सूत्रधार वेगळा छापतात, त्यामुळे त्यांचा गोंधळ मी समजू शकते. मी बोलतेय ते मोठ्या संस्थेच्या टीव्हीबद्दल, जिथे पैसे संस्थेचे असतात.

कोर्स. मला विचाराल तर कोर्सच्या आधी एखाद्या हौशी नाट्यसंस्थेत जा आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगाची हिशेबाची वही मागून घ्या. टेम्पो, चहा, नेपथ्याचं भाडं, तालमीची जागा, कुणाची बायको बाळंत होणार आहे आणि त्याची बदली कोण करणार, सगळं त्या वहीत लिहा. संहिता स्वतः टाइप करा, दुसऱ्याकडून करून घेऊ नका. मग कोर्स करा, हवा तो करा. 'कल्पना कुणाची' हे विचारत बसू नका. कल्पना असलेली माणसं प्रत्येक तालमीला पाच भेटतील. मुलगी असाल तर घरात कुणीतरी 'घड्याळ बघणारी' म्हणेलच. तेव्हा माझ्यासारखं गप्प बसू नका, तिथल्या तिथे बोला.

त्या गायकांचं राहिलं. बाईंनी त्यांना पुढच्या रविवारी परत बोलावलं, सात मिनिटांऐवजी नऊ दिली. सारंगीवाले बाबा शालीत गुंडाळून बसले होते पण वाजवत होते. वेळ मी मोजली, एकदाही घाई केली नाही. त्या कार्यक्रमाची व्हीएचएस मी भाऊजींना पाठवली, शेवटची नामावली मुद्दाम नीट बघा म्हणून चिठ्ठी जोडून. महिन्याने त्यांचं पत्र आलं. गाणं उत्तम, बाबांची सारंगी तर फारच उत्तम. नावं फार भराभर गेली, वाचता आली नाहीत.