इनिट्रॅमएफएस-टूल्सवर अडलेलं अपग्रेड: आधी /बूट बघा

डेबियन लिनक्स १२ वरून १३ वर जाताना ‘एप्ट फुल-अपग्रेड’ मध्येच थांबलं, शेवटी ‘इनिट्रॅमएफएस-टूल्स... रिटर्न्ड एरर एग्झिट स्टेटस १’ आलं, आणि आता सगळं पुसून नव्याने टाकू का, असं तुम्ही विचारलंय. पुसू नका. आणि मशीन चालू आहे तोवर रीबूट तर अजिबात करू नका.

शेवटची ओळ फक्त कोण पडलं ते सांगते. का पडलं, ते वर असतं. तुम्ही दिलेल्या लॉगमध्येच त्या एररच्या नऊ-दहा ओळी वर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ आहे. स्क्रीनवरून निघून गेलं असेल तर /व्हार/लॉग/एप्ट/टर्म.लॉग उघडा, तिथे सगळं जसंच्या तसं मिळतं.

‘डीएफ -एच’ मध्ये तुमच्या रूटला ४० जीबी मोकळे दिसतात, म्हणून जागेचा संशय आला नाही. पण /बूट, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइलींची जागा, वेगळं पार्टिशन आहे, आणि ते फक्त २३६ एमबीचं. हे मशीन डेबियन १० च्या काळात एन्क्रिप्शनसह बसवलेलं, तेव्हा इन्स्टॉलर एवढंच देत असे. तुमच्याकडे ६.१ चे दोन कर्नल आहेत, इनिट्रडी (बूटच्या सुरुवातीला कर्नलला लागणारी फाइल, इनिट्रॅमएफएस-टूल्स हीच बनवतं) धरून प्रत्येकी ८० एमबीच्या आसपास. त्यात डेबियन १३ च्या ६.१२ कर्नलची इनिट्रडी मावणार कुठून? ट्रिक्सीच्या (म्हणजे डेबियन १३ च्या) रिलीज नोट्समध्ये /बूट किमान ७६८ एमबी आणि त्यात ३०० एमबी मोकळे हवेत, असं स्पष्ट लिहिलंय. पण अपग्रेडच्या घाईत ते पान कोणी वाचत नाही.

आता ‘यूनेम -आर’ ने चालू कर्नल बघा. तो ठेवायचा. ‘डीपीकेजी -एल’ च्या (डीपीकेजी म्हणजे एप्टच्या खालचं, पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं टूल) यादीतला त्याहून जुना ६.१ काढायचा, पण ‘सुडो डीपीकेजी --पर्ज’ आणि पॅकेजचं पूर्ण नाव देऊन. एप्टने काढायला गेलात तर ते अर्धवट पॅकेजेस आधी पुरी करायला बघेल आणि पुन्हा तिथेच अडेल. /बूटमधल्या फाइली हाताने आरएम (डिलीट) करू नका. डीपीकेजीच्या लेखी तो कर्नल जागेवरच राहतो आणि पुढचा घोळ सोडवणं जास्त अवघड जातं.

मग /ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/इनिट्रॅमएफएस.कॉन्फ मध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’ च्या जागी ‘डेप’ करा. फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर येतात आणि इनिट्रडी बरीच लहान होते. तोटा एकच: ही डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर बूट होईलच असं नाही. त्यानंतर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो एप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, आणि पुन्हा फुल-अपग्रेड. ‘--फोर्स-ऑल’ सुचवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

रीबूटबद्दल एवढं बजावतोय, कारण भावाच्या लॅपटॉपवर मी तीच घाई केली होती. नवा कर्नल आला होता, त्याची इनिट्रडी बनलीच नव्हती. काळ्या स्क्रीनवर ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ आणि कर्नल पॅनिक. डिस्कचा पासफ्रेज विचारणारा भाग इनिट्रडीतच असतो, त्यामुळे तो विचारण्यापर्यंतही मजल गेली नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून सीएचरूट करून (डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरून) पहाटेपर्यंत बसलो होतो.

म्हणून ‘डीपीकेजी --ऑडिट’ काहीही न छापता परत यायला हवं, आणि ‘एलएस -एलएच /बूट’ मध्ये ६.१२ च्या व्हीएमलिनझसोबत (ही कर्नलची फाइल) त्याच क्रमांकाची इनिट्रडी दिसायला हवी. दोन्ही दिसलं की खुशाल रीबूट करा. नाही दिसलं तर टर्म.लॉगचा शेवटचा भाग इथे टाका, रात्री बघतो.