एकटाच नागपूरला खायला येतोयस? आधी एवढं कर

भाऊ, एकट्यानं जेवायला बसायची लाज सोड, इथं कोणी ढुंकूनही पाहत नाही. पहिल्या खेपेला दोनच गोष्टी नीट खा.

सकाळी तर्री-पोहे. सवय नसेल तर चण्याची लाल तर्री वेगळी माग, चाखत चाखत ओत.

दुसरं सावजी, म्हणजे इथलं झणझणीत मसाल्याचं रश्श्याचं जेवण. नवखे घोटाळा करतात तो इथंच: दिवसभर उपाशी राहायचं, आधी दोन पेग मारायचे आणि मग थेट मटणावर तुटून पडायचं. रात्र जागून निघते! एकट्याला हाफ प्लेट पुरते. वरचं तेल बाजूला सारून भाकरी रश्श्यात बुडव. तिखट कमी करा म्हणून सांगू नको, मसाला आधीच शिजलेला असतो.

बारमध्ये बसणार असशील तर:
- ओळखपत्र जवळ ठेव. महाराष्ट्रात बिअरला २१, कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात.
- मागवण्याआधी दर बघ.
- परतीचं आधीच ठरव.

पुढे वर्ध्याला जाणार असशील तर बॅगेत बाटली नको, तिथं जिल्हाभर दारूबंदी आहे.

पाटोडी (बेसनाची वडी), सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) नंतर बघू. कुठं उतरतोयस ते सांग, जवळचं सावजी सुचवतो.