शून्य कापलं, मग बाकी कशी चुकली?

प्रश्न : सर, माझी मुलगी पाचवीत आहे. ७०० ÷ ४० हे गणित तिने दोन्हीकडचं एकेक शून्य कापून ७० ÷ ४ असं केलं. भागाकार १७, बाकी २ आली. बाईंनी बाकी २० म्हणून गणित चूक दिलं. मोबाइलवर तर १७.५ येतं! शून्य कापायला शाळेतच शिकवतात ना? मग तिचं चुकलं कुठे?
– एक आई, महाल, नागपूर

उत्तर : ताई, भागाकार अगदी बरोबर. चुकली ती फक्त बाकी. ताळा करून बघा. भाजकाला भागाकाराने गुणायचं, त्यात बाकी मिळवायची, भाज्य परत आला पाहिजे. ४० × १७ = ६८०, अधिक २ म्हणजे ६८२. सातशेतले अठरा गेले कुठे?

आपण नागपूरकर, तेव्हा संत्रीच घेऊ. समजा, ७०० संत्री आहेत नि एका क्रेटमध्ये ४० भरायची. (कळमन्याच्या बाजारात क्रेट असे मोजून कोणी भरत नाही, पण गणितात चालतं.) शून्य कापलं म्हणजे मुलीने काय केलं? संत्र्यांचे दहा-दहाचे ढीग केले. ढीग झाले ७०, एका क्रेटला लागतात ४. सतरा चोक अडुसष्ट, उरले २. पण दोन काय? ढीग! दोन ढिगांत वीस संत्री. बाई वीस म्हणतात ते हेच.

म्हणजे जितक्याने दोन्हीकडे कापलं, तितक्याने शेवटी बाकीला गुणायचं. हे शून्यापुरतंच नाही बरं का. दोन्हीकडे निम्मं करून ३५० ÷ २० केलं तर बाकी येते १०, तिची दुप्पट २०. आणखी कापून ३५ ÷ २ केलं तर बाकी १. पण इथे विसाने कापलंय, म्हणून तिचेही २०च. भागाकार मात्र प्रत्येक वेळी १७. मुलीला हे तिन्ही प्रकार वहीत करू द्या, नियम तिचा तीच सांगेल.

मोबाइलचं उत्तरही खरं आहे. त्यातला .५ म्हणजे पाच संत्री नव्हेत, अर्धं क्रेट. चाळिसाचं अर्धं, वीस.

शाब्दिक उदाहरणात आणखी एक गोम असते. ‘किती क्रेट पूर्ण भरतील?’ याचं उत्तर १७. ‘सगळी संत्री न्यायला किती क्रेट लागतील?’ याचं १८, कारण उरलेली वीस काही रस्त्यावर ठेवून जाता येत नाहीत. भागाकार तोच, पण प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये.

आणि गुणांचं म्हणाल, तर भागाकाराचा अर्धा गुण मी दिला असता.