हाकेचा जमाखर्च
"घरात अगदी शहाणा आहे, पण गेट उघडलं की बहिरा होतो." नागपुरात कुत्र्यांच्या वर्तनाविषयी समुपदेशन करताना हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. त्यामागची भीतीही एकच असते: तो हातून निसटला आणि समोर रिंग रोड असला, तर हाक मारल्यावर परत येईल का? त्रिमूर्तीनगरच्या एका काकांची हकिगत, ओळख पटणार नाही इतपत बदलून, मी अशा वेळी सांगते.

काका बँकेतून शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले आणि त्यांचा बाजी तीन वर्षांचा, कारवान जातीचा शिकारी कुत्रा. एप्रिलमध्ये तो फाटकातून सुटून थेट रस्त्यावर गेला आणि ट्रकचालकाने वेळीच ब्रेक दाबला म्हणून वाचला. पहिल्याच भेटीत काका म्हणाले, "मॅडम, माझ्या एका हाकेसरशी अख्खी शाखा उभी राहायची. घरात मालक कोण, हे याला कळलंच नाही."

कुत्र्याला मालकी दाखवून द्यावी लागते, ही समजूत मोठी चिवट आहे. १९४७ साली बंदिस्त लांडग्यांच्या अभ्यासातून तिला बळ मिळाले; पुढे ज्यांच्या लेखनाने ती पसरली होती, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिले की रानातला कळप म्हणजे मालकीसाठी भांडणारी टोळी नव्हे, तर बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असतात. मी मात्र काकांशी वाद घातला नाही. निवृत्त अधिकाऱ्याला पटवत बसण्यापेक्षा त्याच्या हाती वही द्यावी, हे मी अनुभवाने शिकले आहे. वहीत दोनच रकाने आखायला सांगितले: हाक केव्हा मारली, आणि त्यानंतर लगेच बाजीच्या वाट्याला काय आले.

पुढच्या भेटीत ते स्वतःच वाचू लागले. "सकाळी सहा दहा, मैदानावर हाक, पट्टा लावला. साडेसात, हाक, आंघोळ. दुपारी एक, हाक, कानात औषध. संध्याकाळी हाक, उशिरा आला म्हणून रागावलो." बोट ओळींवरून खाली सरकत होते, पान संपले तरी ते तळाशी टेकलेलेच राहिले. मग म्हणाले, "सगळं नावेच पडलंय. जमेला काहीच नाही."

मी गप्प बसले. असा क्षण समुपदेशकाने बोलून वाया घालवायचा नसतो. थोड्या वेळाने तेच पुटपुटले, "मग तो येईल कशाला?"

स्वभाव शोधण्याआधी परिणाम शोधावा, या मताची मी आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरून जे दाखवले, की ज्या कृतीतून समाधान मिळते ती पुन्हा घडते, त्यापलीकडे मला क्वचितच जावे लागते. म्हणून 'हट्टी' हा शब्द मी टिपणात लिहीतच नाही. मात्र एक गोष्ट पुस्तकांपेक्षा चुकांनी शिकवली: सुरुवातीची काही वर्षे मी लोकांना नासलेली हाकच दुरुस्त करायला लावत असे, आणि त्यात महिने जात. आता संकटासाठी मी कोराच शब्द घ्यायला सांगते.

काकांनी 'तर्री' सुचवला. दर रविवारी पोह्यांबरोबर ज्याचा घरात घोष होतो, तो शब्द मला चालण्यासारखा नव्हता. तेव्हा काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कुकूचकू ठेवा. ते रागाने म्हणताच येत नाही." मला इतके चपखल सुचले नसते, हे मी तेव्हाच कबूल केले. घाबरलेल्या माणसाचा आवाज आपोआप चिरका आणि दटावणारा होतो, आणि कुत्र्याला तो धोक्याचा वाटतो. हा शब्द मात्र ओठांवर येतानाच खेळकर होतो, शिवाय लांबवता येतो. काका लाजले, पण तयार झाले.

पहिले आठ-दहा दिवस बाजीने काही करायचे नव्हते. स्वयंपाकघरात शब्द उच्चारायचा आणि लगेच मीठ, कांदा, लसूण न घातलेले उकडलेले चिकन द्यायचे. तेही एकदम नव्हे, तर अर्धा मिनिट एकेक तुकडा, म्हणजे तो जवळ रेंगाळतो आणि तेवढ्यात गळ्यातला पट्टा हळूच धरण्याची त्याला सवय होते. मग अंगण, मग मैदान. तिथे दहा मीटरची दोरी गळ्याला न बांधता छातीभोवतीच्या हार्नेसला बांधायची, आणि तिने त्याला ओढून आणायचे नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, डांबरावर पंजे भाजतात, म्हणून सराव सकाळी सहाच्या आत. शब्द एकदाच उच्चारायचा, येण्याची खात्री नसेल तर उच्चारायचाच नाही, आणि सरावात तो आला की खाऊ देऊन पुन्हा खेळायला सोडायचे. आंघोळीसाठी तर तो कधीही वापरायचा नाही. आंघोळ असेल तेव्हा आपणच उठून त्याच्याकडे जावे. कारवान नजरेने शिकार हेरतो आणि एकदा सुसाट सुटला की त्याच्या कानांना काम उरत नाही, म्हणून कान टवकारले जाताच, धाव सुरू होण्याआधी, हाक गेली पाहिजे. काकांना हे शेवटचे साधायला जुलै उजाडला, कारण ते बाजीऐवजी बाजी जिकडे पाहतो तिकडे पाहत.

तान्हा पोळ्याच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. लाकडी बैल घेऊन मुले बोजारा, म्हणजे सणाची भेट, मागायला आली होती, फाटक उघडे राहिले, आणि समोरून गेलेल्या मांजरामागे बाजी वळणार, तोच काका गल्लीभर ऐकू जाईल असे "कुकूऽऽचकू" ओरडले. मुले खो-खो हसली. बाजी जागच्या जागी वळून आला.

"हाताशी चिकन नव्हतं, मॅडम, म्हणून फ्रिजमधलं सगळं पनीर दिलं."

"उत्तम केलंत," मी म्हटले. "आता आठवडाभर पुन्हा दोरीवर, सोपा सराव, आणि चिकन रोज."

मागून काकूंचा आवाज येत होता, की ते पनीर रात्रीच्या पाहुण्यांसाठी होते.